कॅचरच्या पाठीमागे

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम ऐकलं की लोक मला उगाच शूर समजतात. मी मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षिका होते आणि नोकरीसोबत बेसबॉलची अंपायर. शाळेतून निवृत्त झाले, अंपायरिंग अजून सुटलेलं नाही.

"बुऱ्हाणपुरात बेसबॉल?" हा प्रश्न माझी पुण्याची नणंद दर भेटीत नव्यानं विचारते. हो, बुऱ्हाणपुरात. शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ असतो आणि कुणी फारसं खेळत नाही. त्यामुळे बऱ्यापैकी संघ उभा केला की मुली थेट पुढच्या पातळीवर जातात. आमच्या मुख्याध्यापिकाबाई हिशेबी होत्या. त्यांनी हा खेळ माझ्या गळ्यात मारला आणि वर म्हणाल्या, "क्रिकेटसारखाच असतो, शिकून घ्या."

क्रिकेटसारखा तो अजिबात नसतो. माहीत नसलेल्यांसाठी सांगते. पिचर चेंडू फेकते, टप्पा न पाडता, अंगाच्या रेषेत, जीव खाऊन. बॅटर तो मारते. बॅटरच्या मागं मोठं ग्लोव्ह घालून एक मुलगी उकिडवी बसलेली असते, ती कॅचर. आणि कॅचरच्या पाठीशी, तिच्या खांद्यावरून वाकून, चेंडू बरोबर आला की नाही हे सांगायला उभी असते ती मी. म्हणजे त्या चेंडूच्या आणि माझ्या छातीच्या मध्ये एक शाळकरी पोर, बस. तोंडावर जाळी असते, छातीवर गादी असते, तरी पहिली काही वर्षं चेंडू आला की माझे डोळे मिटायचे. अंपायरनं डोळे मिटून निकाल द्यायचा म्हणजे काय ते तुम्हीच समजा. मी आवाजावरून निकाल द्यायला शिकले आणि मोठ्यानं ओरडायला शिकले. मोठ्यानं ओरडलं की लोकांना वाटतं, बाईंनी पाहिलं असणार.

इच्छापूरच्या मैदानाला लागून केळीची बाग आहे. चेंडू बागेत गेला की बॅटरला दोन बेस, म्हणजे धावेच्या वाटेतले दोन थांबे, द्यायचे आणि नवा चेंडू घ्यायचा, हा नियम माझा. नियमपुस्तकात तो कुठंही सापडणार नाही. त्या बागेत साप निघतात असं ऐकलं होतं आणि मुलींना आत पाठवायची माझी छाती होत नव्हती. आज चारी बाजूंचे संघ तो नियम मोठ्या भक्तीनं पाळतात.

चेंडूपेक्षा मला वडिलांची भीती जास्त. चांदनी गावी एकदा बेसकडे धावणाऱ्या एका मुलीला मी बाद दिलं. सामना संपल्यावर परतीच्या गाडीची वाट पाहत स्टेशनावर बसले होते, तर तिचे वडील शेजारी येऊन बसले. आरडाओरडा नाही, काही नाही. अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, पाय आधी लागला का चेंडू?" मी म्हटलं, चेंडू. जरा वेळानं पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात. मी उठून दुसऱ्या बाकावर गेले, तेही आले. गाडी येईपर्यंत त्यांनी दुसरं अवाक्षर काढलं नाही. मला गाडीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि गाडी हलताना पुन्हा विचारलं. शिव्या घालणारे बाप परवडले.

पण ही सगळी हसण्यावारी नेण्यासारखी भीती. खरी भीती मला कैलासनं दिली. मुलांच्या एका सामन्यात मी अशीच कॅचरच्या मागं उभी होते. कैलास नावाचा पिचर होता, उंच, हसरा. त्यानं चेंडू फेकला आणि माझ्यापर्यंत आवाज आला, ऊस मोडल्यासारखा. चेंडू भलतीकडेच गेला आणि पोरगा हात पोटाशी धरून खाली बसला. ओरडलासुद्धा नाही. त्याचं कोपर नंतर कधी पूर्ण सरळ झालं नाही. आता तो गांधी चौकाजवळ मोबाइलच्या दुकानात बसतो, मला पाहिलं की डाव्या हातानं नमस्कार करतो. त्या दिवसापासून मी पिचरच्या चेंडूकडे कमी आणि कोपराकडे जास्त पाहते.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे हंगाम संपला की एका मुलीला "हंगामाची मानकरी" म्हणून निवडतात. तीन जणांची समिती असते. एक मी. दुसरे पाटील सर, निवृत्त गणित शिक्षक, धावांची सगळी नोंद त्यांच्याकडे. तिसरे चौकसेजी, स्पर्धांचे संयोजक, हिंदी बोलणारे, सगळ्यांशी गोड. आमची भांडणं दरवर्षी ठरलेली असतात. चांगली खेळाडू म्हणजे कोण? जिनं जास्त धावा काढल्या ती? जिच्या संघानं चषक नेला ती? की जिनं पडक्या संघाला एकटीनं ओढलं ती? पाटील सरांनी कुठंतरी वाचलं होतं की अमेरिकेत याच गोष्टीवरून मोठमोठी माणसं दरसाल एकमेकांची डोकी फोडतात. तेव्हापासून त्यांना फार हुरूप आला. त्यांनी "मोल" नावाचं एक गणित बसवलं. समजा, ही मुलगी आजारी पडली आणि तिच्या जागी बाकावर बसलेली साधारण मुलगी खेळवली, तर संघाच्या किती धावा कमी होतील? तो फरक म्हणजे तिचं मोल. कल्पना मला पटायची. फक्त एक अडचण होती. पिचर आणि बॅटर यांचं मोल त्या गणितात झकास बसायचं, कॅचरचं काही केल्या बसत नव्हतं. कॅचर हुशार असली की होणारी धाव होत नाही. आणि न झालेली धाव लिहायची कुठं, हे पाटील सरांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

गेल्या हंगामात मात्र भांडणाला जागाच नव्हती. आमच्या बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या संघात मुक्ता महाजन नावाची पिचर होती. इच्छापूरची, केळीवाल्या रघुनाथ महाजनांची लेक. असा हात मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. तिचा वळणारा चेंडू बॅटरजवळ येऊन असा खाली बसायचा की पोरी बॅट फिरवून स्वतःभोवतीच गिरकी घ्यायच्या. तिची कॅचर जान्हवी, गावातल्या एका शिंप्याची मुलगी, ठेंगणी, अबोल. दोघी सहावीपासून एकत्र. त्या वर्षी मानकरी होणाऱ्या मुलीला बाहेरच्या एका मोठ्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं. तिथले प्रशिक्षक बक्षीस समारंभाला स्वतः येणार होते. महाजनांनी गावभर सांगून टाकलं होतं की पोरगी चालली.

उपांत्य सामन्यात मला पहिल्यांदा कैलास आठवला. मुक्ता चेंडू फेकून झाला की कोपर दुसऱ्या हातात धरत होती. क्षणभरच. पाण्याच्या बाटलीचं झाकण तिनं दातांनी उघडलं. सामना संपल्यावर दप्तर डाव्या खांद्याला. मी जवळ जाऊन विचारलं, "मुक्ता, हात दुखतो का?"

"नाही मॅडम. एकदम बरोबर आहे, देखो ना." तिनं हात गरागरा फिरवून दाखवला. चेहऱ्यावर हसू होतं, वरच्या ओठावर घाम होता. जानेवारीचा महिना होता.

अंतिम सामना नेपानगरशी. आता कॅचरच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. कुठला चेंडू टाकायचा हे पिचर ठरवत नाही, कॅचर ठरवते. उकिडवी बसून ती मांड्यांच्या मध्ये बोटांनी खूण करते, म्हणजे समोरच्यांना दिसत नाही. एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा, मूठ म्हणजे हळू. मुक्ताला लांबून नीट दिसावं म्हणून जान्हवी नखांना पांढरं बूटपॉलिश लावायची. पिचरला नको असेल तर तिनं मान हलवायची. पण आमच्या मुलींना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की मान हलवा, रुसा, काय करायचं ते करा, शेवटचा शब्द कॅचरचा. मी वरून वाकलेली असते, त्यामुळे त्या खुणा मलाही दिसतात.

तिसऱ्या डावात जान्हवीनं दोन बोटं दाखवली. मुक्तानं वळणारा चेंडू टाकला, बॅटर बाद झाली, टाळ्या पडल्या. पण चेंडू सुटताना मुक्ताच्या तोंडून बारीक आवाज निघाला होता. तो मी ऐकला. माझ्यासमोर जान्हवीचे खांदे ताठ झाले, म्हणजे तिनंही ऐकला. त्यानंतर जान्हवीनं मूठ दाखवली. पुढच्या चेंडूला मूठ. त्याच्या पुढच्यालाही मूठ.

मुक्ता मान हलवत होती. जान्हवी मूठ उघडत नव्हती. शेवटी मुक्ता अर्ध्यावर चालत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काय करून राह्यली तू? मारतील ना त्या!"

"मी सांगते तसं टाक," जान्हवी म्हणाली.

मुक्तानं तसं टाकलं. हळू, सरळ, गुबगुबीत चेंडू. नेपानगरच्या मुलींना पहिल्यांदा विश्वासच बसला नाही, मग त्यांनी धुतलं. आमची आघाडी गेली, मग बरोबरी गेली, मग सामना गेला. मी निकाल देत होते आणि मनात म्हणत होते, हरा बायांनो, लवकर हरा.

सामना संपला आणि बाप मंडळी मैदानात घुसली. रघुनाथ महाजन सगळ्यांत पुढं. "कोणी शिकवलं तुले असं? नेपानगरवाल्यायनं?" ते जान्हवीवर ओरडत होते. भोवती माणसं जमली. जान्हवी जाळी न काढता उभी होती. मी मध्ये गेले खरी, पण मीच तिच्या खांद्याला धरून उभी राहिले. मुक्ता लांब उभी होती. ती आली नाही. त्या दिवसापासून ती जान्हवीशी बोलायची बंद झाली.

नळावर जान्हवी नखांचं पॉलिश घासत होती, तिथं मी तिला गाठलं. "तिचा हात दुखतोय. हो ना?"

ती नखं घासत राहिली. "मॅडम, तिनं मले इच्छादेवीची शपथ घातली आहे. कोणालेच सांगायचं नाही म्हणून. तुम्ही मले विचारू नका ना."

आमच्याकडे ही शपथ कुणी मोडत नाही. मोठी माणसं मोडत नाहीत, तर त्या पोरीची काय बिशाद. तोंडानं सांगता येईना म्हणून तिनं मुठीनं सांगितलं होतं. आणि ते ऐकलं कुणी, तर मी एकटीनं.

मी दुसऱ्याच दिवशी इच्छापूरची बस धरली. महाजन ओसरीवर बसले होते. माझं बोलणं त्यांनी नीट ऐकून घेतलं. "मॅडम, दुखत असतं तर ते बोलली नसती का? आमच्या घरात कोणी काही लपवत नाही." तेवढ्यात मुक्ता चहा घेऊन आली. चार कप, पितळी जड ट्रे, उजव्या हातात, हात सरळ पुढं करून. ट्रे जराही हलला नाही. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचे डोळे पाण्यानं भरले होते. बापाला पाठ दिसत होती. मला त्या पोरीची भीती वाटली. डॉक्टरला एकदा दाखवा, एवढंच म्हणून मी उठले. "दाखवू ना, होस्टेलचं होऊ द्या," महाजन म्हणाले.

समितीची बैठक चौकसेजींच्या घरी झाली. समोर मावा जिलबी ठेवलेली, मी हात लावला नाही. पाटील सरांनी मुक्ताचं मोल वाचून दाखवलं. दुसऱ्या कुठल्याही मुलीच्या दुपटीपेक्षा जास्त होतं.

मी म्हटलं, "माझं मत जान्हवीला."

"मॅडम, जिसने फाइनल हरवाया उसको?" चौकसेजी हसले. "लोग मेरा घर जला देंगे."

मी काय पाहिलं, काय ऐकलं ते सांगितलं. कैलासचं सांगितलं. पाटील सर गंभीर झाले. त्यांचा हा गुण मला आवडतो, ते कुठलीही गोष्ट ऐकून घेतात. "बाई, मुक्ता स्वतः नाही म्हणते. जान्हवी गप्प आहे. बाप नाही म्हणतो. तुमच्या कानावर आम्ही निकाल कसा द्यायचा? आणि समजा तुमचं खरं निघालं नाही, तर एका पोरीचं आयुष्य आपण घालवलं."

"आणि खरं निघालं तर?" मी विचारलं.

त्यांनी मोलाचा कागद चौकसेजींकडे सरकवला. दोन विरुद्ध एक मतानं मुक्ता महाजन मानकरी ठरली. समारंभाच्या दिवसापर्यंत मला धड जेवण गेलं नाही. घरात फळीवरून डबा पडला तरी मला तो उसाचा आवाज ऐकू यायचा.

भीतीचं कारण असं की आमच्या बक्षीस समारंभाला एक रीत आहे. चषक दिला की मानकरी मुलगी मैदानावर जाते आणि हंगामाचा शेवटचा चेंडू टाकते. समोर तिची स्वतःची कॅचर बसते, मागं अंपायर उभी राहते. बॅटर नसते. तो चेंडू मुलीचा सगळ्यांत जोरकस असावा अशी अपेक्षा असते, लोक त्यासाठीच थांबतात. त्या वर्षी तर वसतिगृहाचे प्रशिक्षक पहिल्या रांगेत, हातात वेग मोजायचं यंत्र घेऊन बसले होते. महाजनांनी ढोलवाले आणले होते.

मुक्तानं चषक डाव्या हातानं घेतला. टाळ्यांच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ती पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिली. जान्हवी माझ्यासमोर उकिडवी बसली. मी वाकले. लोक "वळणारा! वळणारा!" असं ओरडत होते. ढोल थांबला.

जान्हवीनं मूठ दाखवली.

मुक्तानं मान हलवली. पुन्हा मूठ. मुक्तानं जोरात मान हलवली आणि चेंडू ग्लोव्हमध्ये असा पकडला की मला कळलं, आज ती कॅचरचं ऐकणार नाही. शेवटचा शब्द वगैरे सगळं हंगामापुरतं असतं, आणि हंगाम संपला होता. "थांबा" म्हणायला मी तोंड उघडलं.

तेव्हा जान्हवीनं ग्लोव्ह काढून जमिनीवर ठेवलं. मग जाळी काढून त्याच्या शेजारी ठेवली. आणि दोन्ही उघडे तळवे छातीसमोर धरून ती पुन्हा तशीच बसली.

लोकांना वाटलं काहीतरी गंमत चालली आहे, काही जण हसले. मी मात्र त्या उघड्या बोटांकडे पाहत होते. मुक्ताचा पूर्ण जोराचा चेंडू उघड्या हातांवर आला तर बोटांचा चुराडा, चुकला तर तोंडावर. आणि मुक्ता तिच्यावर चिडलेली होती. अंतिम सामना हिनंच घालवला असं ती मनापासून धरून चालली होती. मी जान्हवीच्या कानाशी म्हटलं, "ऊठ. पोरी, ऊठ." ती हलली नाही. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. तीही घाबरली होती.

मुक्तानं हात मागं नेला. पाय उचलला. मी डोळे मिटले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते मिटावेसे वाटले नाहीत, कारण न पाहण्याची भीती पाहण्यापेक्षा मोठी होती.

हात वर गेला आणि तिथंच राहिला. मग पाय खाली आला. मुक्ता उंचवट्यावरून उतरली आणि चालत आमच्याकडे यायला लागली. जवळ येऊन ती गुडघ्यावर बसली, चेंडू जान्हवीच्या तळव्यांवर ठेवला आणि मागं वळून वडिलांकडे पाहून म्हणाली, "आबा, माहा हात दुखते. भलता दुखते. लई दिवस झाले."

महाजन खुर्चीवरून उठले. प्रशिक्षकांनी हातातलं यंत्र पिशवीत ठेवलं. त्यांनी वाईट काही म्हटलं नाही, पण ती जागा त्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलीला गेली. महाजन झपाझपा मैदानात आले. मला वाटलं ते हात उगारणार. कोणावर ते कळेना, म्हणून मी दोघींच्या पुढं जाऊन उभी राहिले. त्यांनी मला बाजूला केलं, हळूच, दरवाजा लोटावा तसं.

"कुठं दुखते?" त्यांनी मुक्ताला विचारलं.

मुक्ताला हुंदका आवरेना. ती कोपराकडे नुसती पाहत होती. तेव्हा जान्हवीनं चेंडू खाली ठेवला, मुक्ताचा हात आपल्या मांडीवर घेतला, बाही वर सारली आणि कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या किंचित खाली, एक बोट अलगद टेकवलं.

"इथं, काका," ती म्हणाली.